कोऱ्या प्लेटा

मेट्रनबाई खोट्या ठरल्या तर भिंगरावांना हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतली खिडकीजवळची खुर्ची मिळणार होती, म्हणजे उपप्रमुखपद. शिवाय जिन्यात समोरासमोर आल्यावर आधी कुणी बाजूला व्हायचं, हा सोळा वर्षांचा तंटाही मिटणार होता. मेट्रनबाईंची मात्र नोकरी जाणार होती.

तीन आठवड्यांत ऑपरेशन झालेल्या चार बायकांचे टाके पिकले होते. संशय ऑपरेशन थिएटरच्या हवेवर. हवेतले जंतू धरायला भिंगराव माध्यम शिजवत, म्हणजे जंतूंचं खाणं जेलीसारखं थिजवून प्लेटा भरून देत. मेट्रनबाईंनी त्या थिएटरमध्ये अर्धा तास उघड्या ठेवायच्या आणि झाकून परत पाठवायच्या. जे पडेल ते दोन दिवस उबेला ठेवलं की ठिपके होऊन उगवतं. पण तीन आठवडे एकही ठिपका नव्हता. प्लेटा कोऱ्या, म्हणून थिएटर चालू.

“दहा माणसं ये-जा करतात आणि एक ठिपका नाही? रिकाम्या कपाटातसुद्धा चार निघतील,” भिंगरावांनी प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंचे कान भरले. “झाकणं काढतच नाही ती. अर्धा तास उभं राहायचा कंटाळा!” खात्री करायला त्यांनी झाकणांवर बारीक कागदी पट्ट्या चिकटवून पाहिल्या. पट्ट्या फाटून आल्या. “बघा, पट्टी फाडायची आठवण ठेवते. किती मुरलेली आहे!” त्यांच्या संशयाला काहीही पचत होतं.

शेवटी परवा मेट्रनबाई स्वतःच वर आल्या. सगळ्यांदेखत जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला आणि पाचही बोटं एका ताज्या प्लेटवर दाबली. “आता तुम्ही.” भिंगरावांनी शेजारी अंगठा उमटवला. प्लेट इन्क्युबेटरमध्ये गेली, किल्ली प्रमुखबाईंच्या खिशात.

आज सकाळी प्रमुखबाईंनी प्लेट उजेडात धरली. पाच बोटांचे ठसे नीट दिसत होते. त्यात काहीही उगवलं नव्हतं.

भिंगराव खुलले. “हाताला जंतुनाशक चोपडून आली होती! मला वाटलंच!”

“आणि तुमच्या अंगठ्याला कोणी चोपडलं, भिंगराव?” मेट्रनबाईंनी विचारलं. हे टोपणनाव आजवर भिंगरावांच्या पाठीमागेच चालत असे.

अंगठ्याचा ठसाही कोराच होता.

प्रमुखबाईंनी कपाटातून पावडरची बरणी काढली. लेबल वाचलं, मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. “ही नुसती थिजवायची पावडर आहे. यात जंतूंना खायला काही नाही.”

“बरणी तर तशीच... झाकणही निळंच,” भिंगराव पुटपुटले. अलीकडे माध्यम फार नितळ उतरतंय म्हणून ते स्वतःच्या हातावर खूश होते.

“नवी बरणी उघडली की पहिली प्लेट मुद्दाम घाण करून बघायची असते, उगवतं की नाही ते. बघितलीत?”

भिंगरावांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं, पण या वेळी तिथे काही सापडलं नाही.

मेट्रनबाई फोनपाशी पोचल्याही होत्या. “आजची पहिली केस थांबवा. टेबलावर घेऊ नका.” मग त्या नुसत्या ऐकत राहिल्या. रिसीव्हर ठेवताना म्हणाल्या, “टाके घालून झाले. बाहेर काढताहेत.”

थोड्या वेळाने काचेच्या दाराबाहेरून ट्रॉली गेली. बाई गुंगीत होती. नवरा तिच्या चपला हातात धरून मागून चालला होता. आतले पांढरे कोट बघून तो क्षणभर थांबला आणि हसला.

“सगळं छान झालं म्हणाले,” त्याने आपणहून सांगितलं.

मेट्रनबाईंवरचा आळ फिटला होता. भिंगरावांची खुर्ची हुकली होती. किंमत तेवढी मोजायची राहिली होती, आणि ती मोजणारी पाचवी बाई लिफ्टच्या दारात डोळे मिटून पडली होती.