धुतलेला डबा

"पाय हलवू नका," कुमुद म्हणाली.

"मी कुठं हलवतोय?"

"मग काय मी हलवतेय?"

निशिकांत सोफ्यावर, खाली फरशीवर त्याची बायको, आणि मधे स्टुलावर त्याचा उजवा पाय. अंगठ्याला बूट चावून जखम झालेली. चावला तेव्हा त्याला कळलंही नव्हतं. साखरेनं पायाची जाणीवच गेलेली. काल डॉक्टरनं सरळ सांगितलं. दोन आठवड्यांत साखर खाली आली नाही, जखम भरली नाही, तर अंगठा काढावा लागेल. काढावा लागेल म्हणे! नखं काढावीत तसं बोलला मेला.

कुमुदला रडू आलं नव्हतं. राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. साखर चढतेच कशी? तिनं लिटल इंडिया या इथल्या देशी बाजारातलं दुकान बदललं, ज्वारीचं पीठ बदललं. घरातून गूळसुद्धा हद्दपार केला. हा गोड खाऊ शकत नाही म्हणून स्वतःचा चहाही बिनसाखरेचा केला. रोज पहाटे उठून तीन कप्प्यांचा डबा भरायची. भाकरी, पालेभाजी, मोडाच्या मुगाची उसळ. आणि माणूस इतका गुणी, की संध्याकाळी डबा धुऊन आणायचा. पुण्याच्या बहिणीला तिनं फोनवर कितीदा तरी सांगितलं होतं, "आमचे हे डबा धुऊन आणतात हो!"

बेल वाजली. जखमेवर स्वच्छ पट्टी नुसतीच टाकून ती उठली. दारात निशिकांतच्या ऑफिसातला सुबोध होता. हातात पेढ्यांचा पुडा.

"अरे, फोन करून यायचंस ना!" निशिकांत सोफ्यावरूनच ओरडला. एवढं ओरडण्यासारखं काही नव्हतं.

"सर, मुद्दाम न सांगता आलो. जुरोंग ईस्टच्या घरून थेट. वहिनी, आधी नमस्कार करू द्या." पोरगा खरंच वाकला. "माझी शुगर बॉर्डरवर गेली होती. आज रिपोर्ट आला, एकदम नॉर्मल! सगळी तुमच्या डब्याची कृपा."

"कुठल्या डब्याची?"

"रोज पाठवता तो! मी एकटा राहतो म्हणून माझ्यासाठी वेगळा करता, सांगितलंय सरांनी. सख्खी वहिनीसुद्धा एवढं करणार नाही."

निशिकांत पंख्याकडे बघत होता.

"आणि मी पाठवतो ते पोचतं ना?" सुबोध म्हणाला. "आमची आई म्हणते, कुणाचा डबा रिकामा परत देऊ नये. मला तर काही करता येत नाही. मग ऑफिसखालच्या बेकरीतून आणून वरच्या कप्प्यात काहीतरी घालतो. पायनॅपल टार्ट, केक, नाहीतर ते गुळाच्या पाकाचे हिरवे लाडू, ओंदे-ओंदे. सर म्हणाले, ओंदे-ओंदे तुमच्या फार आवडीचे."

"माझ्या," कुमुद म्हणाली.

"हो ना! म्हणून गेल्या आठवड्यात जरा जास्तच घातले."

त्या पोराचा काय दोष? आईनं शिकवलं ते विसरला नाही, एवढंच. कुमुदनं त्याला पाणी दिलं, लिफ्टपर्यंत सोडलं, "येत जा" म्हणाली. मग घरात आली आणि दार लावून घेतलं.

"दुपारी काय खात होतात?"

"ऐक ना, कुमुद…"

"काय खात होतात?"

"सगळे हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांवर जातात. टीम माझी. त्यांच्यापुढं मी एकटा भाकरी मोडत बसू? घ्यायचो एखादी नूडल्सची प्लेट."

"आणि त्याचे ते टार्ट?"

"प्रेमानं दिलेलं टाकून देऊ का?"

"कुठं खायचात?"

"खाली. आपल्या बिल्डिंगखालच्या बाकावर." मग हळूच म्हणाला, "डबा चिकट व्हायचा. शेजारच्या हॉकर सेंटरच्या बेसिनवर धुऊन घ्यायचो."

कुमुदच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाकरीची लाज वाटली! आणि घराखाली चोरून खायची नाही वाटली? बायकोच्या नावावर खायची नाही वाटली? अहो, मी पिठाला दोष दिला. माझ्या हाताला दिला. काल तो डॉक्टर विचारत होता, घरी काय खायला घालता, तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. मीच विष कालवल्यासारखी! आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात. जिभेचे चोचले तुमचे आणि मान माझी खाली!"

"चुकलं माझं. सोमवारपासून डबा खातो. तुझी शपथ."

"माझी शपथ घेऊ नका. माझ्या नावावर एवढं खाल्लंत ते पुरे झालं."

ती स्वयंपाकघरात गेली आणि डबा घेऊन आली. स्वच्छ, लखलखीत, काल संध्याकाळी धुऊन आलेला. फरशीवर बसून तिनं तो उघडला. खालच्या कप्प्यात पट्ट्यांचं बंडल घातलं. मधल्यात जखम धुवायच्या पाण्याच्या छोट्या बाटल्या. वरच्यात मलम, चिकटपट्टी आणि कात्री. कप्पे एकावर एक बसवले, कड्या खटाखट लावल्या आणि डबा त्याच्या मांडीवर आदळला.

"हे काय?"

"रिकामा देऊ नये म्हणतात ना? भरून दिलाय. हाही देऊन टाका कुणाला तरी."