एकाच हाताच्या पाच चिठ्ठ्या

पेटी उघडली तेव्हा आत सात चिठ्ठ्या निघाल्या. एकीत 'मोठ्या बाई केस रंगवतात का?' असं विचारलं होतं, एक कोरीच होती. उरलेल्या पाच एकाच हाताच्या होत्या.

मुलींनी न लाजता, नाव न घालता शरीराबद्दलचे प्रश्न विचारावेत म्हणून नर्सने ही पेटी चार महिन्यांपूर्वी शाळेला दिली होती. मोठ्या बाईंनी ती आपल्या ऑफिसच्या दारालाच टांगली. न लाजण्याची अशी उत्तम सोय झाली. किल्ली नर्सकडे होती, आणि नर्सच्या वाट्याला बावीस शाळा.

तिने पाचही चिठ्ठ्या टेबलावर ओळीने लावल्या.

'एकदाच झालं तरी दिवस जातात का?'

'पाळी महिनाभर चुकली तर कोणता आजार असतो?'

'उड्या मारल्या की येते म्हणतात. किती मारायच्या?'

'दोरीच्या पाचशे मारल्या. आली नाही.'

'नर्सताई, तुम्ही परत कधी येणार?'

नर्सने त्या पुन्हा पहिलीपासून वाचल्या. मोठ्या बाईंनी मात्र चष्मा पुसला.

"तुमचं ते लेक्चर नववीलाच झालं होतं. म्हणजे नववीतलीच असणार. सगळ्यांच्या वह्या मागवते आणि अक्षर जुळवते. शाळा सुटायच्या आत नाव कळतं की नाही बघा. उद्या दाखला तिच्या हातात."

"बाई, पोरगी संकटात आहे."

"आणि शाळेची अब्रू कुठे मजेत आहे?"

नर्सने वाद घातला नाही. वजन-उंचीच्या नावाखाली तिने नववीच्या मुलींना एकेक करून खेळाच्या खोलीत बोलावलं. एकीलाच बोलावलं असतं तर शाळाभर बभ्रा झाला असता. चाळीस जणींत एक लपून जाते. दार लोटायचं, मुलीला काट्यावर उभं करायचं, आकडा न बघताच लिहायचा आणि हळूच विचारायचं, "पाळी वेळेवर येते ना?"

तिकडे ऑफिसात मोठ्या बाई वह्यांच्या गठ्ठ्यात डोकं घालून बसल्या होत्या. दोघींपैकी आधी कोण पोचतं एवढाच प्रश्न होता.

पण इथे तर जिला विचारावं तिच्याकडेच एक प्रश्न तयार होता. एकीने मुलग्याची पाण्याची बाटली तोंडाला लावली होती आणि ती आठवडाभर झोपली नव्हती. दुसरीला वाटत होतं की आपल्याला रक्ताचा कॅन्सर झालाय. तो दर महिन्याला होतो आणि पाच दिवसांत बरा होतो, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. नर्सने तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "कॅन्सर नाही गं तो. नंतर सगळं सांगते. पुढचीला पाठव." 'नंतर सांगते' हे आपण कितव्यांदा म्हणतोय ते तिने मोजायचं सोडून दिलं. तिला स्वतःची लाज वाटत होती.

तेविसावी मुलगी काट्यावर चढलीच नाही. वर्गाची मॉनिटर होती ती, दोन घट्ट वेण्या घातलेली. दार स्वतःच लोटून ती म्हणाली, "ताई, चिठ्ठ्या वाचल्या?"

नर्सने तिचे दोन्ही हात धरले. "तूच का गं ती? घाबरू नकोस. किती महिने झाले?"

"लिहिल्या मी. पण मी नाही ती." मुलगी भराभर बोलू लागली. "माझ्या शेजारी राहते. माझ्याच बाकावर बसायची. तिला लिहायची भीती वाटायची म्हणून मी लिहायचे. तुम्ही आलाच नाहीत. मग तिने कुणाकडून तरी कसली पुडी आणून घेतली, शनिवारी. तेव्हापासून रक्त जातंय, थांबतच नाही. अंग भट्टीसारखं तापलंय. आज सकाळी तिने मला ओळखलं नाही, ताई."

"घरी माहीत आहे?"

"त्यांना वाटतंय ऊन लागलं. कुणाला सांगू नकोस म्हणून तिने मला शपथ घातलीय." तिने वेणीच्या टोकाने डोळे पुसले. "मी मोडली ना ती आता?"

"फार बरं केलंस," नर्स म्हणाली आणि बॅग उचलली.

तेवढ्यात दार उघडलं. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, एका हातात चिठ्ठी आणि दुसऱ्या हातात उघडी वही.

"ही! आणि हिला मी मॉनिटर केली होती!"

"बाई, तुम्हाला वाटतंय तसं नाहीये," नर्स म्हणाली. "ही मुलगी—"

"हो बाई, मीच आहे ती," मुलगी मध्येच म्हणाली. "दाखला द्या, घरच्यांना बोलवा, काय करायचं ते करा. पण ताईंना आत्ता सोडा."

"सोडा म्हणजे? कुठे चाललात तुम्ही दोघी?"

मुलगी बाईंच्या हाताखालून वाकून बाहेर पडली आणि धावत सुटली. नर्स तिच्यामागे निघाली. रांगेतल्या मुली भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. पळता पळताच नर्सने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या माणसाने पेशंटचं नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला. वय सोडलं तर तिला काहीच माहीत नव्हतं.

मुलगी फाटकापाशी पोचली होती. तिथून ती रडत ओरडली, "ताई, जोरात पळा ना!"