कुलपावरचं जाळं

"अहो, नवाराचे बाबा, राहू द्या आता ते छप्पर! पाहुणे आले!" अतियात खालून ओरडली.

शिडीवरचा बय्यूमी काही थांबला नाही. कबुतरांनी दुकानाच्या कापडी छपरावर केलेली घाण त्याने खरवडून काढली आणि वरून सिरक्याचं कोमट पाणी ओतलं. थोड्या वेळाने याच छपराखाली नवाराची सासू उभी राहणार होती. पोर्ट सईदच्या अर्ध्या बाजाराची छपरं आणि भिंती जो धुतो, त्याच्याच विहिणीच्या डोक्यावर कबुतर शिटलं असतं, तर लोक पुढच्या रमजानपर्यंत हसत बसले असते.

रस्त्यात टेम्पो लागला होता. डफ वाजत होते. लग्नाआधी मुलीच्या संसाराचं सामान असं वाजतगाजत नवऱ्याच्या घरी जातं आणि खिडक्याखिडक्यांतून बाया एकेक वस्तू नजरेने तोलतात. नवारा शाळेत होती तेव्हापासून अतियात हे सामान जमवत होती. कधी दुलई, कधी पातेली, कधी सोनेरी काठाचे पेले. फ्रिजसाठी तर तिने हातातल्या बांगड्या मोडल्या होत्या. घर एका खोलीचं, ठेवणार कुठे? म्हणून सगळं सासऱ्यांच्या बंद पडलेल्या दुकानात रचलं होतं. दुकान बय्यूमीच्या धाकट्या भावाच्या, फिक्रीच्या वाट्याला आलेलं, तेव्हा किल्लीही त्याच्याकडेच.

अतियातचा दिरावर काडीचा विश्वास नव्हता. "एकदा उघडून बघू तरी," ती म्हणायची. फिक्री गोड हसायचा. "उघडू की वहिनी. पण दादाचं जाळं मोडेल, त्याचं काय?"

दादाची ही दुखरी नस त्याला बरोबर ठाऊक होती. बय्यूमी शहरभरची कोळिष्टकं झाडायचा, पण प्रत्येक इमारतीवर एक जाळं मुद्दाम राखायचा. पैगंबर गुहेत लपले तेव्हा कोळ्याने गुहेच्या तोंडावर जाळं विणलं, कबुतराने घरटं बांधलं. ते पाहून आत कुणी नाही असं शत्रूंना वाटलं आणि ते आल्या पावली परत गेले. ही गोष्ट बय्यूमीला आईने दुधाबरोबर पाजली होती. कबुतरांना तो दिवसभर शिव्या घालायचा, तो पोटाचा प्रश्न होता. पण कोळ्याचा मान त्याने कधी मोडला नाही.

"कोळी माझा भागीदार," कॉफीच्या दुकानात तो सगळ्यांना सांगायचा. "मी आज झाडतो, तो रात्रीतून पुन्हा विणतो. तो आळशी निघाला ना, तर माझी चूल विझेल."

दुकानाच्या दारावर, कुलपापासून चौकटीपर्यंत, असंच एक जाळं राखलेलं होतं. दर गुरुवारी छप्पर धुवायला आला की तो ते निरखायचा आणि घरी जाऊन बायकोला ठणकावायचा, "जाळं अख्खं आहे. आत कुणी गेलेलं नाही. माझ्या सख्ख्या भावावर संशय घेताना जीभ कशी झडत नाही तुझी?" अतियात मुकाट्याने भाकरी भाजत राहायची. त्या जाळ्यापुढे तिचं काही चालत नसे.

आज फिक्री आलाच नाही. किल्ली त्याने कॉफीवाल्याबरोबर पाठवली. पोट बिघडलंय म्हणे.

"आजचाच मुहूर्त मिळाला पोटाला," अतियात पुटपुटली.

बय्यूमी शिडीवरून उतरला. बिस्मिल्ला म्हणून त्याने ते जाळं हलकेच बोटांनी बाजूला केलं, कोळ्याला चौकटीवर चढू दिलं आणि मग कुलूप काढलं. बायांनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या.

आत खोके जसे रचले होते तसेच उभे होते. बय्यूमीने बायकोकडे बघून भुवया उडवल्या. फ्रिजचा खोका उचलायला चार दांडगे पुढे झाले. पहिल्याने जोर लावला आणि तो मागच्या मागे कोलमडला. खोका एकट्याच्याच हातात आला होता.

दुलयांच्या खोक्यात जुनी वर्तमानपत्रं निघाली. पातेल्यांच्या खोक्यात तेवढीही नव्हती. डफ एकेक करून थांबले.

"आमच्या मुलाने काय खोक्यांबरोबर संसार करायचा?" विहीणबाई म्हणाल्या आणि मुलाचा दंड धरून टेम्पोकडे निघाल्या. मुलगा एकदा वळला. पण गेला.

बय्यूमीने फोन लावला. "फिक्री, सामान कुठंय?"

पलीकडून फिक्री म्हणाला, "दर गुरुवारी तूच बघत होतास ना, दादा? मग मला काय विचारतोस?" फोन बंद झाला.

ज्याला बोट धरून शाळेत नेलं, बाप गेल्यावर ज्याच्यासाठी अर्धी भाकरी मागे ठेवली, त्याने केसाने गळा कापला होता. भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं आता अतियात म्हणेल, म्हणू दे, असं बय्यूमीला वाटलं. पण ती रिकामे खोके पुन्हा नीट रचत होती.

"पण जाळं अख्खं होतं," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कुणास ठाऊक. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. जाळं अख्खं असल्यावर आत माणूस कसा जाईल?"

नवारा दुकानाच्या उंबऱ्यावर बसली होती. तिच्या हातांवरची मेंदी अजून ओली होती.

"बाबा," ती म्हणाली, "गुहा तरी कुठे रिकामी होती?"