उलटा बाण

कणीक मळून, डबे भरून हेमांगी रोज पहाटे घाट पळायची आणि तिने कमावलेला दम दोघींच्या मनगटांवरच्या जोडपट्ट्यांतून लेकीच्या, सावनीच्या अंगात उतरायचा. बारा वर्षांच्या सावनीचं हृदय जन्मापासून अधू. आईच्या दमावरच ती शाळेचे दोन जिने चढायची.

आज मात्र शर्यत होती. "आज स्वतःसाठी पळ गं आई," सावनी म्हणाली होती. "कालचं पुरेल मला. मी नुसती लोळत पडणार आहे." आईच्या मनगटावरची पट्टी तिनेच बंद करून दिली होती.

आठव्या किलोमीटरच्या वळणावर हेमांगीच्या पोटऱ्यांत नेहमीसारखे गोळे आले. आता चालावंच लागणार, असं वाटत असतानाच पायांतला शिणवटा कुणी पुसून घ्यावा तसा नाहीसा झाला. एक बाई मागे पडली, मग आणखी दोघी. इतक्या वर्षांत प्रथमच तिला पदक दिसायला लागलं. घड्याळ बघायला तिने हात वर केला, तर पट्टी पलीकडूनच चालू केलेली होती आणि एरवी सावनीकडे रोखलेला तिच्यावरचा बाण उलटा, हेमांगीकडे फिरला होता.

तिने परत पाठवायचं बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. पलीकडून सावनीने घेणंच बंद करून ठेवलं होतं. फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

"अहो ताई, थोडंच राहिलंय, चढा!" पाणी देणारा ओरडला.

हेमांगी गर्रकन वळली आणि उताराला लागली. घर आठ किलोमीटर खाली, घाटाच्या पायथ्याशी होतं. इतक्या वेगाने ती आयुष्यात कधी धावली नव्हती, आणि पावलागणिक खर्च होत होता तो सावनीचाच दम.