जुन्या हृदयाची पट्टी

शनिवारी आबा पर्वत पाटियाच्या नाक्यापर्यंत पायी जाऊन वाफवलेल्या डाळीचा गरम लोचो घेऊन आले. "तू बी खाय, डॉक्टरले नको सांगू," ते लेकीला, चंचलला, हसत म्हणाले. रविवारी दुपारी इस्पितळात त्यांनी प्राण सोडला.

नवं हृदय बसवलं तरी जुन्याची एक पट्टी आत राहते, आपल्या तालात चालते, पण तिची वीज टाक्यांपलीकडे जात नाही, हे डॉक्टरांनी ऑपरेशनआधीच समजावलं होतं. जन्मभर माग चालवलेले आबा तेव्हा म्हणाले होते, "एक छातीमा दोन माग? नको."

तरी ऑपरेशन झालं. रविवारी शेवटी नव्या हृदयाची वीज टाक्यांभोवती गरगरत राहिली आणि ते थकलं. ईसीजीच्या कागदावर मोठ्या लाटा संपल्या. पट्टीच्या बारीक लाटा येतच होत्या.

"डॉक्टर, बघा ना!"

"बेन, मशीन जुनं आहे." न बघताच त्यांनी आबांच्या छातीवरच्या वायरी काढल्या आणि ते निघून गेले.

लाटा थांबेनात. हाका मारूनही नर्स येईना. चिडून चंचलने प्लग उपटला. कागद सरकतच राहिला.

"काय पाहिजे तुम्हाला, आबा?"

सुई थबकली. कागद तेवढा कोरा सरकत होता.

"मी घाबरले होते," ती मोठ्याने म्हणाली. "एकटी पडेन म्हणून तुम्हाला ऑपरेशनला भरीस पाडलं. चुकलं माझं. आता जा."