निळा गोल

"अठरा मिलिमीटर," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पारदर्शक पट्टी मितेशच्या हातावरून उचलली. "हेमाली, आता तू."

आत्माराम दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. तोंडाला मास्क, हातात सुकेळ्यांची, घरच्या वाळवलेल्या केळ्यांची पुडी. मुलाचा हात त्याला तिथूनही दिसत होता. कोपराखाली निळ्या पेनाने काढलेला गोल आणि त्याच्या मधोमध लालभडक, टणक फुगवटा. परवा डॉक्टरांनी मुलगा, सून आणि नात, तिघांच्याही कातडीत सुईने एक थेंब सोडला होता. खाजवायचं नाही, चोळायचं नाही, तिसऱ्या दिवशी दाखवायला या. अंगात टीबीचे जंतू शिरले असतील तर हात फुगेल, असं त्यांनी सांगितलं होतं. सुनेचाही फुगला होता. "सोळा," डॉक्टर म्हणाल्या. हेमालीने सासऱ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आत्मारामला वाटलं.

आजार त्याचाच. चार महिने खोकत होता आणि कुणी डॉक्टरकडे चल म्हटलं की "बिडीचा खोकला रे, बिडीबरोबर जाईल" म्हणून उडवून लावायचा. अडाणीपणा म्हणा, नाहीतर म्हाताऱ्याची मस्ती म्हणा. त्या चार महिन्यांत पिंकी रोज दुपारी त्याच्या छातीवर पालथी झोपायची. दोन वर्षांची पोर, तिला काय कळतं! मग तपासात टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या दिवसापासून आत्मारामने नातीला बोट लावलं नव्हतं. ताट वेगळं, पेला वेगळा, खाट पडवीत. पोर हात पसरून "आबा, आबा" करत यायची आणि हा गडी उठून केळीच्या वाडीत पळायचा. तिथे राजेळीच्या बुंध्याआड बसून रडायचा, हेही खरं.

घरच्या सगळ्यांना तपासून घ्या, असं तेव्हाच सांगितलं होतं. गावात बोभाटा नको म्हणून मितेशने आज-उद्या करत तीन महिने काढले. आत्मारामनेही कधी जोर धरला नाही, कारण त्याला निकालाचीच भीती वाटायची. सुई टोचल्यापासून मात्र त्याने देवीपुढे एकच धोशा लावला होता. जीवदानीच्या तसबिरीसमोर सकाळ-संध्याकाळ उभा राहून म्हणायचा, "आई, माझ्या बायचा हात फुगू देऊ नको. अनवाणी चढून येईन." घराच्या चार पायऱ्यांवर धाप लागणारा माणूस, निघाला होता देवीचा डोंगर चढायला!

"पिंकीबाय, दाखव बघू हात."

पोरीने आईच्या कडेवरूनच हात पुढे केला. डॉक्टरांनी त्यावरून बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. पट्टी लावायची गरजच नव्हती. निळा गोल आणि आत नुसती कातडी.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या.

आत्माराम ताडकन उठला. "काय नाय! ऐकलंस मितेश? काय नाय!" सुकेळ्यांची पुडी त्याने टेबलावर ठेवली. "खा बाई, तोंड गोड करा. सुनेने वाळवलीत, मी हात नाय लावला." मग जरा चाचरत त्याने विचारलं, "आता घेऊ का तिला?"

"घ्या आबा. तुमची थुंकी साफ आलीय, तुमच्यापासून आता धोका नाही." डॉक्टरांची नजर अजून पोरीच्या हातावरच होती.

हेमाली घुटमळली, पण तिने पोर पुढे केली. आत्मारामने काखेत हात घालून तिला उचललं आणि तो तिथेच थांबला.

पन्नास वर्षं केळीचे घड उतरवलेला माणूस तो. घड नुसता हातावर पेलून वजन सांगायचा आणि काट्यावर पाव किलोचाही फरक पडायचा नाही. बाजारात लोक पैजा लावून हरले होते. त्याने पोर जरा खाली घेतली, पुन्हा वर उचलली.

"बाई," तो म्हणाला, "ही हलकी लागते. तीन महिन्यांमागं उचललेली, त्याच्यापेक्षा हलकी."

"दाढा येतायत हो तिच्या," मितेश घाईघाईने म्हणाला. "म्हणून बारीक ताप असतो. नीट खात नाही."

डॉक्टरांनी पोरीला काट्यावर ठेवलं. आकडा पाहिला, जुन्या कार्डावरचा आकडा पाहिला. मग तिच्या दंडावरच्या, जन्मल्यावर दिलेल्या लशीच्या व्रणावर बोट ठेवलं. "ही लस घेतलेल्या मुलांचं पुष्कळदा मुगाएवढं तरी उठतं."

"हिचं नाय उठलं, म्हणजे चांगलंच ना?" आत्मारामचा आवाज खाली आला होता.

"अंग जंतूंशी भांडतं, आबा, म्हणून हात फुगतो. या दोघांचं अंग भांडतंय." त्या भराभर चिठ्ठी लिहू लागल्या. "हिच्यात भांडायलासुद्धा जोर उरलेला दिसत नाही. आत्ता एक्स-रे काढा आणि तिथून तसेच मोठ्या हॉस्पिटलात जा. घरी जायचं नाही."

मितेश रिक्षा बघायला धावला. हेमाली ओढणीचा बोळा तोंडात कोंबून भिंतीला टेकली. आत्माराम पोरीला मांडीवर घेऊन खाली फरशीवरच बसला. चोळायचा नाही म्हणून बजावलेला तो इवलासा हात त्याने हातात घेतला, निळ्या गोलावर अंगठा टेकवला आणि चोळायला लागला. पोरीला गुदगुल्या झाल्या. ती हसली.

"फुग गं बाय," तो म्हणत होता, "मुगाएवढं तरी फुग."