चंद्राबाईचा मेन व्हॉल्व

पाना घसरला आणि तेजश्रीच्या बोटाचं साल निघालं. जुना व्हॉल्व जागचा हलला नाही.

"सोड गो आता," तिचा भाऊ मंगेश ओट्यावरून म्हणाला. "आयेला घेऊन जायचंच हाय, तर हा बसवतेस कुणासाठी?"

तिने पाना पुन्हा व्हॉल्ववर बसवला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी वाडीत उतारानं येतं, आणि ते रात्रंदिवस थांबत नाही. मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ मुळातून उडाला, तेव्हा त्यांची आई चंद्राबाई घरात एकटी होती. घराचा मेन व्हॉल्व तिला फिरवता आला नाही. शेजारी धावून येईपर्यंत वर्षाचे तांदूळ भिजले होते. वडील, अण्णा, गेल्यापासून मंगेश आईला मुंबईत कांदिवलीला आपल्या घरी न्यायचं म्हणतच होता. त्याला एवढं कारण पुरलं. आज गाडी दारात उभी होती आणि आईची बॅग गाडीत होती.

तो व्हॉल्व फक्त अण्णांच्या हाताला वळायचा, तोही पक्कड लावून. चंद्राबाई जवळ गेली की ते म्हणायचे, "तुला नाय जमायचं." हे तेजश्री लहानपणापासून ऐकत आली होती.

तिने पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली आणि अंगाचा सगळा भार टाकला. आटे करकरले. व्हॉल्व सुटला. हातात घेतल्यावर तो वाटला होता त्याहून हलका निघाला. कुठे ठेवावा, हे तिला क्षणभर कळेना. मग तिने तो बाजूला मातीत ठेवला आणि पाइपाचे आटे घासायला घेतले.

टेप गुंडाळली. महाडहून आणलेला लांब दांड्याचा व्हॉल्व चढवला, पुढचा जोड आवळला आणि वरच्या टाकीवर पाणी अडवून थांबलेल्या शेजारच्या सोनबाकाकांना पाणी सोडायला फोन केला. पाणी धडधडत आलं. तिने दोन्ही जोडांखाली तळहात धरला. तळहात कोरडाच राहिला. ती तिथेच मातीत बसून हसली.

"झालं ना समाधान?" मंगेश म्हणाला. "मी आंघोळ उरकतो. मग निघू. घाटात ट्रॅफिक लागेल."

मोरीचं दार लागलं. एवढा वेळ गप्प उभी असलेली चंद्राबाई पुढे आली.

"हा कसा चालतो गो?"

"दांडा आडवा केला की बंद."

चंद्राबाई थोडा वेळ थांबली. आतून साबणाचा वास आला. मग तिने एका बोटाने दांडा आडवा केला. नळाची धार तुटली.

"तेजू, पाणी गेलं," मंगेश ओरडला.

तेजश्रीने दांड्याकडे हात नेला. आईने तो बाजूला सारला.

"आये, तू हायस काय तिथं? डोळ्यांत साबण गेलाय."

"जाऊ दे. माझी बॅग कुठं हाय?"

"गाडीत."

"काढशील?"

"मस्करी नको ना, आये."

"मी विचारते काय, नि तू बोलतोस काय."

रिकाम्या बादलीवर तांब्या आपटला.

"काढतो."

"नि उद्या परत भरशील."

"नाय भरत. तू इथंच राहा. पाणी सोड आता."

चंद्राबाईने दांडा सरळ केला. आत नळ खळखळला, आणि मंगेश इतक्या मोठ्याने हुश्श म्हणाला की ओट्यावरची कोंबडी उडाली.

तेजश्री आईकडे पाहत राहिली.

"तुझे अण्णापण एकदा मुंबईला बिऱ्हाड हलवायला निघाले होते," चंद्राबाई दांड्यावरची माती पदराने पुसत म्हणाली. "त्यांनापण असंच साबणात उभं केलं मी. तवापासून तो जुना व्हॉल्व त्यांनी मला फिरणार नाय असा आवळून ठेवला."